काउंटर एकवरचा भार

२ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.४०
काल रविवारी दुकानाचं सॉफ्टवेअर अपग्रेड झालं. खटाटोप सगळा लेकीचा. गाड्यांचे बेचाळीस हजार पार्ट, चौदा वर्षांची बिलं, सगळं नव्यात ओतलं. सॉफ्टवेअर कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, पहिले काही दिवस कुठे संथ वाटलं तर वेळ लिहून ठेवा. म्हणून ही डायरी. त्याला दाखवणार नाही. वेळा तोंडी सांगेन.

१०.०५
माझा पासवर्ड विसरलो. त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक खूण होती एवढं आठवतं. काउंटर एकवर मामांनी आपला पासवर्ड पुठ्ठ्यावर लिहून मॉनिटरला चिकटवलाय. मामा म्हणजे माझ्याकडे बावीस वर्षं असलेला माणूस, सगळ्यांचेच मामा. सुरक्षिततेवर त्यांना पाच मिनिटं सुनावलं. मग तोच पासवर्ड माझ्या केबिनमध्ये टाकला. चाललं. चाचणीसाठी मामांच्या नावाला सगळी दारं उघडी ठेवलीत म्हणे.

१०.१०
नव्या सॉफ्टवेअरमधली एकच गोष्ट आवडली. ‘संपूर्ण’ नावाची खिडकी. चौदा वर्षांत कोणता पार्ट कोणत्या कपाटातून कोणाकडे गेला, एका पडद्यावर. इंजिनिअर काल म्हणाला होता, ही वर्षअखेरीला एकदा लागते, एरवी उघडायची गरज नाही. मी म्हटलं, माझं दुकान मी वर्षातून एकदा बघू का. तो हसला. लाघवी माणूस आहे.
उघडली. आकडे पळायला लागले. चालू इंजिनावर हात ठेवल्यासारखं वाटलं.

११.१५
तिन्ही काउंटरवर ओरड. पार्ट नंबर टाकला की बावीस सेकंद चक्र फिरतं. पूर्वी डोळा मिटायच्या आत यायचं. लिहून ठेवलं. नेमकं काय चाललंय ते बघायला ‘संपूर्ण’ रिफ्रेश केली.
११.१७ परत केली.
११.१८ येत नाही म्हणून तीनदा दाबली.

३ नोव्हेंबर, मंगळवार
सव्वीस सेकंद.
हिने जेवताना सांगितलं की लेकीला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कंपनीचं पत्र आलंय. नोकरीचं. तीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. मला का नाही सांगितलं विचारलं तर ही म्हणाली, तुम्हाला सांगितलं की तुम्ही उत्तर देता, म्हणून.
जायचं तर जावं. मला काही फरक पडत नाही. दोन वर्षांपूर्वी ती दुकानात आली त्याआधीही दुकान होतंच.

४ नोव्हेंबर, बुधवार
तीस सेकंद. सगळ्यांसमोर लेकीला म्हटलं, महिनाअखेरपर्यंत हे सुधारलं नाही तर जुनं सॉफ्टवेअर परत, आणि पुढचे सगळे निर्णय माझे. ती म्हणाली, आत्ताचे कोणाचे असतात. काउंटर तीनवरचा खोकला. खरा खोकला नव्हता, मला आवाजातला फरक कळतो.
आता निश्चय असा. सर्व्हर मी स्वतः दुरुस्त करणार. सर्व्हर नीट झाला की दुकान नीट, दुकान नीट झालं की तिला जायला कारण उरत नाही. अर्थात तिच्यासाठी करत नाहीये. तत्त्व म्हणून.

५ नोव्हेंबर, गुरुवार. ११.००
सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत आहे, जिथे पूर्वी शिडी आणि झाडू असायचे. आत खुर्ची नेऊन बसलो. मी आठवीतून गॅरेजात गेलो, तिथे उस्तादांनी शिकवलं की लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतलं कुठलं बेअरिंग रडतंय ते ऐकू येतं. अशी चारशे इंजिनं ऐकलीत, चुकलो दोनदा.
सर्व्हरच्या पेटीवर टोक टेकवलं. स्पष्ट ऐकू आलं. दमलाय. छातीत घरघर. दहा-वीस सेकंद घरघर, मग सुस्कारा, मग परत.
लेक दार उघडून उभी राहिली. मग म्हणाली, बाबा, स्क्रू-ड्रायव्हर बाहेर काढा. मी म्हटलं, आत घातलेलाच नाही. ती म्हणाली, खोलीच्या बाहेर.

८ नोव्हेंबर, रविवार
मेव्हण्याकडे गेलो होतो. दिवसभर मुक्काम. तिथे सर्व्हरबद्दल बोललो, कोणाला फारसं कळलं नाही.
लेक आणि इंजिनिअर दुकानात चाचणी घेत होते. ती म्हणाली, आज पळतोय. तीन काउंटरचं खोटं काम एकदम टाकलं तरी पळतोय. मी म्हटलं, रविवारी कोणीही ताजातवाना असतो.

११ नोव्हेंबर, बुधवार
इंजिनिअरने आलेख छापून आणला. संथपणा सकाळी दहा-सव्वादहाला सुरू होतो. सव्वा वाजता एकदम खाली येतो, जमिनीला टेकतो. पावणेतीनला परत वर, ते सातपर्यंत. त्याने विचारलं, सव्वा ते पावणेतीन दुकान बंद असतं का. मामा म्हणाले, उलट तेव्हाच तर गर्दी. इंजिनिअर म्हणाला, विचित्र आहे.
तेव्हा मी नसतो, घरी जेवून थोडा आडवा होतो, त्यामुळे मला प्रत्यक्ष बघता आलेलं नाही. पण कारण उघड आहे. उष्णता. सकाळभर तापतो, दुपारी बंद पडायच्या बेताला आला की आपोआप विसावा घेतो. चांगल्या यंत्राला तेवढी अक्कल असतेच.
दुसरा एसी लावायला सांगितला.

१२ नोव्हेंबर, गुरुवार
दोन एसी. इंजिनिअर स्वेटर घालून काम करतोय. एकोणचाळीस सेकंद.
हिचं म्हणणं, मी जेवतानाही गुडघा हलवतो आणि ताट थरथरतं. आजपासून संकल्प. ‘संपूर्ण’ खिडकी दिवसातून फक्त दहा वेळा रिफ्रेश करायची. उगाच अस्वस्थ व्हायचं नाही.
दुपारी १ पर्यंत एकतीस. त्यातल्या बावीस वेळा खिडकी आलीच नाही, म्हणजे त्या धरता येणार नाहीत. नऊ झाल्या. संकल्प पाळला.

१६ नोव्हेंबर, सोमवार
इंजिनिअरने मला समोर बसवून समजावलं. अपग्रेडनंतर डेटाबेसला आपल्याकडे कुठे काय किती आहे याचा अंदाज नव्याने घ्यावा लागतो, नाहीतर एक नट शोधायला तो अख्खं गोडाऊन पालथं घालतो. तो अंदाज काल नव्याने घेतला. शिवाय जाड पुस्तकाला मागे सूची असते तशी सूची बांधली. मी म्हटलं, हे आधी का नाही केलं. तो म्हणाला, पहिल्याच दिवशी केलं होतं, काल परत केलं, कारण अजून काय करायचं सुचत नाहीये. प्रामाणिक आहे. ग्राहकासमोर एवढं प्रामाणिक असू नये.
१०.०० — चार सेकंद. काउंटरवर हशा. मामांनी शीळ घातली.
१०.०५ — ही सुधारणा टिकते का यावर बारीक लक्ष ठेवायला हवं. केबिनचा कॉम्प्युटर पुरणार नाही. लॅपटॉपवरही ‘संपूर्ण’ उघडली. फोनवर उघडली. तिन्हीवर दर मिनिटाला आपोआप रिफ्रेश लावलं. आता एकही क्षण नजरेतून सुटणार नाही.
१०.४० — पंचावन्न सेकंद. बरं झालं लक्ष ठेवलं, नाहीतर कळलंच नसतं.

१८ नोव्हेंबर, बुधवार
लाल जीपवाला आला होता. टेकडीखालचा गॅरेजवाला, एकोणीस वर्षं आमच्याकडून क्लच प्लेटी नेतो. रांगेत पाऊण तास उभा राहिला. जाताना केबिनच्या काचेवर टकटक करून म्हणाला, पूर्वी तुम्ही गाडीचा आवाज फोनवर ऐकून पार्ट काढून ठेवायचात, आता नंबर देऊनही मिळत नाही. हसत म्हणाला. समोरच्या दुकानात गेला. तिथेही हसतच गेला.
संध्याकाळी गाडीत लेक म्हणाली, त्या कंपनीच्या पत्रात माझ्या हाताखाली नऊ जण लिहिलेत. मी म्हटलं, इथे बारा आहेत. ती म्हणाली, इथले तुमच्या हाताखाली आहेत, मी मध्ये आहे.
घरी आल्यावर तीन वेळा अंगणात चक्कर मारली. चौथ्या वेळी ही म्हणाली, आता झाडूच घेऊन फिरा.

१९ नोव्हेंबर, गुरुवार
सापडलं. इंजिनिअरने यादी काढली, कोणाच्या नावावरून सर्व्हरवर किती भार येतो. काउंटर दोन, मुंगीएवढा. काउंटर तीन, मुंगीएवढा. काउंटर एक, हत्ती. एकाच वेळी चाळीस-चाळीस मोठ्या मागण्या, एकावर एक रचलेल्या. पहिली पूर्ण व्हायच्या आत पुढची. हे कोणीतरी मुद्दाम केल्यासारखं दिसतं, असं तो म्हणाला.
काउंटर एक म्हणजे मामा.
वाईट वाटलं. बावीस वर्षं. पण वय झालंय, बोटं थरथरत असतील, एक बटण चारदा दाबलं जात असेल. मोठ्या मनाने घ्यायचं ठरवलं. ओरडलो नाही. फक्त म्हटलं, मामा, काही दिवस मागच्या गोडाऊनमध्ये मोजणी बघा.
मामा म्हणाले, मालक, मी नुसता नंबर टाकतो. नंबर टाकतो आणि वाट बघतो. मी म्हटलं, मला माहीत आहे. त्यांनी चष्मा पुसला, डबा घेतला आणि गेले.
लेक म्हणाली, खात्री आहे का. मी म्हटलं, यादी तुझ्याच इंजिनिअरची आहे.

२० नोव्हेंबर, शुक्रवार
मामांशिवाय काउंटर म्हणजे आनंद आहे. कोणत्या गाडीला कोणता ऑइल सील बसतो हे बाकीच्या दोघांना कॉम्प्युटरला विचारावं लागतं, आणि कॉम्प्युटरला एक मिनिट लागतं.
सर्व्हर तसाच. भार काउंटर एकवरूनच येतोय. माझा अंदाज, मामांच्या जुन्या मागण्या अजून आत साचल्या असतील. पाण्याची टाकी रिकामी व्हायला वेळ लागतो तसं.
लेक घरी येऊन लॅपटॉपवर काहीतरी लांबलचक टाइप करत बसली.

२१ नोव्हेंबर, शनिवार. १२.००
इंजिनिअर केबिनमध्ये आला. म्हणाला, काउंटर एकचं मशीन कालपासून बंद आहे, प्लगच काढून ठेवलाय, तरी काउंटर एक काम करतंय. मी म्हटलं, हे फारच गंभीर आहे. तो म्हणाला, हो. मग माझ्या टेबलाकडे बघितलं. केबिनचा कॉम्प्युटर, लॅपटॉप, फोन. तिन्हीवर चक्र फिरत होतं. विचारलं, मामांचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे. मी म्हटलं, सगळ्यांना, पुठ्ठ्यावर आहे. तो म्हणाला, तुम्हाला. मी म्हटलं, मी मालक आहे.
त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा न घेता गेला.
२.०० — घरी. आडवा झालो. झोप नाही.

२३ नोव्हेंबर, सोमवार
दाढ दुखत होती म्हणून सकाळी थेट डेंटिस्टकडे. तीन तास गेले. लॅपटॉप घरी बंद, फोन डेंटिस्टच्या बाईंनी ड्रॉवरमध्ये ठेवायला लावला.
१.०० — दुकानात आलो तर काउंटरसमोर रांग नाही. काउंटर दोनवाला गिऱ्हाइकाला सांगत होता, आज सकाळपासून लोण्यातून सुरी चाललीय.
केबिनमध्ये बसलो. अर्धा गाल बधिर. कॉम्प्युटर चालू केला. ‘संपूर्ण’ उघडली.
काचेपलीकडून ऐकू आलं, गेलं परत.
बंद केली. आलं, असं ऐकू आलं.
उघडली. गेलं.
बंद केली. आलं रे.
योगायोग असू शकतो. अजून तीनदा केलं. शेवटी काउंटर तीनवाला म्हणाला, कोणीतरी आत बसून नळ सोडतंय आणि बंद करतंय.
माझे कान तीक्ष्ण आहेत हे काही वेळा गैरसोयीचं असतं.
फोनवरूनही काढली, घरी गेल्यावर लॅपटॉपवरूनही. बधिरपणा संध्याकाळपर्यंत होता.

२४ नोव्हेंबर, मंगळवार
दिवसभर एका सेकंदाच्या आत. दुकान उडतंय.
विचार केला. दोष खिडकीचा आहे. जी उघडल्यावर दुकान बंद पडतं ती खिडकी ठेवावीच का. सॉफ्टवेअर कंपनीला कडक पत्र लिहायचं. दोन ओळी लिहिल्या. तिसरीत ‘ज्याने उघडली त्याने’ असं येत होतं. बाजूला ठेवलं.
मामांना परत बोलवायला हवं. पण काय सांगून बोलवायचं. कारण द्यावं लागेल. मोजणी पूर्ण होऊ दे, मग बघू.

२५ नोव्हेंबर, बुधवार
लाल जीपवाला परत आला. म्हणाला, समोरच्याकडे वायपर मागितला तर पंखा दिला.
हिने विचारलं, आता सगळं नीट चाललंय ना. म्हटलं, लक्ष घालावं लागतं. ती म्हणाली, मग मामा अजून गोडाऊनमध्ये का. मी पाणी प्यायलो.

२६ नोव्हेंबर, गुरुवार
गोडाऊनपर्यंत गेलो. दारातून ऐकलं. मामा एकटेच मोजत होते, मोठ्याने. फॅन बेल्ट, एकशे बारा. त्यांची मोजणी सोमवारीच संपलीय, हे मला माहीत आहे. दुसऱ्यांदा मोजत होते.
कामाच्या वेळी माणसाला अडवू नये. परत आलो.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार
गाडीत लेकीने इंजिन बंद केलं आणि उतरलीच नाही. म्हणाली, बाबा, एक सांगते, मध्ये बोलू नका. त्या कंपनीला मी पाच तारखेलाच ‘येत नाही’ म्हणून कळवलं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर काहीही बोललात तरी. मग वीस तारखेला परत लिहिलं की जागा अजून आहे का. ते म्हणाले, तीसपर्यंत आहे.
मी विचारलं, वीस का. म्हणजे मध्ये बोललोच.
ती म्हणाली, एकोणीसला तुम्ही मामांना गोडाऊनमध्ये पाठवलंत म्हणून. सर्व्हर संथ असतो, चालतं. एकवीसला इंजिनिअरने मला सांगितलं भार कोणाचा आहे. मी त्याला म्हटलं, बाबांना सांगू नकोस, ते स्वतः सांगतील. सोमवारपासून दुकान पळतंय म्हणजे तुम्हाला कळलंय. आज शुक्रवार आहे.
मग उतरून घरात गेली. मी गाडीतच बसलो. थंड होणाऱ्या इंजिनाची टिकटिक ऐकत. त्यात काही बिघाड नव्हता.

२८ नोव्हेंबर, शनिवार
मामांना फोन करून सोमवारी काउंटर एकवर यायला सांगितलं. ते म्हणाले, का. मी म्हटलं, ताईंनी सांगितलंय. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हे लेकीने सांगितलेलं नाही.
माफीचा मसुदा. पहिला, चार पानं. त्यात अपग्रेडनंतरच्या डेटाबेसची अवस्था, सूची, अंदाज आणि दाढ. हिने वाचला. म्हणाली, यात मामा कुठे आहेत.

२९ नोव्हेंबर, रविवार
दुसरा मसुदा, एक पान. ‘आपल्या सर्वांकडून काही गैरसमज.’ खोडलं.
तिसरा. ‘अनवधानाने आपल्या नावाचा वापर.’ असं मी आयुष्यात कधी बोललेलो नाही. उस्ताद असते तर पाना फेकून मारला असता.
चौथा सुटसुटीत. पाच ओळी. पाठ केला. दहा वाजता, दुकान उघडताच, सगळ्यांना गोळा करून म्हणायचं. मध्ये एक छोटा विराम.

३० नोव्हेंबर, सोमवार. १०.१०
गोळा करता आलं नाही. उघडताच गर्दी. मामा काउंटरवर, जणू कधी गेलेच नव्हते. नंबर टाकतात, पार्ट येतो, पुढे.
१०.४० — काउंटरच्या आतल्या बाजूने गेलो. मामा म्हणाले, मालक, बाजूला, ट्रे येतोय.
११.०० — परत गेलो. म्हणाले, एवढं गिऱ्हाईक होऊ द्या. त्याच्यामागे सहा होते.
११.०५ — पूर्वी चक्र फिरायचं तेव्हा बोलायला मिनिट-मिनिट मिळायचं. आता फटच नाही.
११.१० — समोरून जाऊन रांगेत उभा राहिलो. सातवा. माझ्यापुढे लाल जीपवाला. त्याने विचारलं, तुम्हीही. म्हटलं, हो. मग त्याने पुढच्याला कोपराने ढोसलं.
११.१६ — नंबर आला. मामांनी वर न बघता म्हटलं, पार्ट नंबर.
पाच ओळी पाठ होत्या. एकही आठवली नाही. मी म्हटलं, मामा, तो भार माझा होता. तुमच्या नावाने मी बघत बसलो होतो. चुकलं.
मामांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, बरं. अजून काही.
मी म्हटलं, नाही.
मामा माझ्या मागच्याला म्हणाले, पुढे या.
सात माणसं, सहा मिनिटं. रांगेत उभा राहिलो म्हणून नीट मोजता आलं.

१२.२०
लेक केबिनमध्ये आली. म्हणाली, आत्ता पत्र पाठवलं, येत नाही म्हणून. मी म्हटलं, मला काही फरक. पुढचं वाक्य पूर्ण झालं नाही. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि दुसरीकडे बघत राहिली.
मग म्हणाली, ‘संपूर्ण’ आता फक्त वर्षअखेरीला उघडेल, आणि माझ्या पासवर्डने. मी म्हटलं, मग मी दिवसभर बघायचं काय. ती म्हणाली, बघायचं असं काही नाहीये, बाबा.

१२.३५
केबिनचं दार उघडं ठेवलं. कोणाला काही अडलं तर.
१२.४५ — कोणाला अडलं नाही.
१२.५० — दुकान चालू आहे.
१२.५५ — अजून चालू आहे.